असेसमेंटच्या दिवशी ‘आमचं छान चाललंय’ म्हणू नका

मेलबर्नच्या पश्चिम भागात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. आई ७६ वर्षांच्या, बाबा ८१. दोघेही काँट्रिब्युटरी पेरेंट व्हिसावर कायमचे इथे आलेले, मुलीकडेच राहतात. आई मध्यंतरी बाथरूममध्ये घसरल्या. हाड वाचलं, पण धीर गेला. बाबा गोळ्या कधी दोनदा घेतात, कधी घेतच नाहीत. मुलगी-जावई दोघे नोकरीला. सरकारी खर्चाने घरी मदत मिळते असं ऐकलंय, तर सुरुवात कुठून करायची, पदरचे किती जातील, आणि ‘परकी बाई माझ्या स्वयंपाकघरात नको’ म्हणणाऱ्या आईचं काय करायचं?

मी इथेच केअर पार्टनर म्हणून काम करते, म्हणजे मदत मंजूर झालेल्या माणसाचा आराखडा करणं, माणसं लावणं आणि पैशांचा हिशेब बघणं. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

मदत मिळते, आणि तुमच्या आईबाबांना दोघांनाही मिळू शकते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात वृद्धसेवेचा नवा कायदा लागू झाला आणि जुन्या ‘होम केअर पॅकेज’ची जागा ‘सपोर्ट ॲट होम’ने घेतली. वृद्धसेवेची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा २०२१ चा अंतिम अहवाल आला, त्याच्या पोटी हे सगळं आलं. लोक अजून पॅकेजच म्हणतात, मीही म्हणते. वय साधारणपणे ६५ पूर्ण हवं. पर्मनंट रेसिडेन्सी असल्याने तुमची अडचण नाही. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलेल्या आईवडिलांसाठी मात्र ही योजना नाही, हे इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते, कारण दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतोच.

सुरुवात एकाच दारातून होते: ‘माय एज्ड केअर’, म्हणजे वृद्धसेवेची सरकारी नोंदणी. १८०० २०० ४२२ वर फोन करा किंवा वेबसाइटवर अर्ज भरा. फॅमिली डॉक्टरही रेफरल पाठवू शकतात, आणि डॉक्टरांच्या रेफरलमध्ये पडण्याची आणि औषधांच्या गोंधळाची नोंद असली तर ती पुढे कामाला येते. आई आणि बाबा यांची नोंदणी वेगवेगळी, असेसमेंट (किती मदत लागते याची घरी येऊन केलेली पाहणी) वेगळी, मंजुरी वेगळी, पैसेही वेगळे. ‘बाबांचं करून टाकू, आईचं नंतर बघू’ असं करू नका. दोघांची नोंद करतानाच स्वतःचं नाव ‘रजिस्टर्ड सपोर्टर’ म्हणून लावून घ्या, म्हणजे पत्रं आणि फोन तुमच्याकडेही येतील. नाहीतर महत्त्वाचं पत्र बाबांच्या उशाखाली पंचांगात घडी करून ठेवलेलं सापडतं.

आता मुख्य मुद्दा, आणि माझ्या मते बाकी सगळं यापुढे दुय्यम आहे. असेसर घरी येतात, तास-दोन तास बसतात आणि ‘इंटिग्रेटेड असेसमेंट टूल’ नावाची लांबलचक प्रश्नावली भरतात. मदतीची पातळी मुख्यतः त्या उत्तरांवरून संगणकातलं सूत्र ठरवतं. असेसर बाई कितीही प्रेमळ असल्या, त्यांना तुमची दया आली, तरी चौकटीत जे भरलं गेलं तेच मोजलं जातं. आणि आपली माणसं नेमकी इथेच माती खातात.

काय होतं ते सांगते, मी हे इतक्या घरांत पाहिलंय की प्रसंग पाठ झालाय. असेसर येणार म्हणून सकाळपासून घर आवरलेलं. आईने चांगली साडी नेसलेली, चहाबरोबर चकल्या काढलेल्या. प्रश्न येतो, ‘आंघोळ स्वतः करता?’ आई म्हणते, ‘हो, माझं मीच करते सगळं.’ चौकटीत ‘स्वतंत्र’ अशी खूण होते. खरी परिस्थिती काय असते? शॉवर टबच्या आत आहे. टबचा काठ ओलांडायला गुडघा वाकत नाही, म्हणून मुलगी घरी असेल त्या दिवशीच आंघोळ होते. पाय आत ठेवताना मुलीचा खांदा लागतो. पाठ आणि पावलं मुलगीच धुते. टॉवेल, कपडे तीच हाताशी ठेवते. आठवड्यात चार दिवस नुसतं अंग पुसून घेतलं जातं, आणि ते कुणाला सांगायची लाज वाटते. हे सगळं मिळून ‘माझं मी करते’.

त्या प्रश्नाचा खरा अर्थ असतो: घरात दुसरं कुणी नसेल तर जमेल का? एकत्र कुटुंबात आपण एकमेकांचं इतकं गुपचूप करतो की मदत ही मदत म्हणून दिसतच नाही. डबीत गोळ्या सून भरते, बँकेचं जावई बघतो, दवाखान्यात नातू नेतो, भाजी मुलगी आणते. म्हाताऱ्या माणसाच्या मनात हे ‘घरात होतं’ एवढंच असतं. असेसरने तेवढंच ऐकलं तर गरज शून्य.

म्हणून आदल्या आठवड्यात कागदावर रोजचा दिवस लिहून काढा. उठण्यापासून झोपेपर्यंत, कोण काय करतं. रात्री बाथरूमला किती वेळा उठतात, तेव्हा कोण जागं होतं. कधी कधी पडले किंवा पडता पडता वाचले, तारखांसह. लघवीवर ताबा राहतो का, हेही. आईसमोर जावयाने हे बोलणं अवघड असेल तर असेसरला वेगळ्या खोलीत पाच मिनिटं मागा. त्यांना याची सवय असते. चांगल्या दिवसाचं नाही, वाईट दिवसाचं वर्णन करा. वाढवून सांगायचं मुळीच नाही, त्याची गरजही पडत नाही. आणि तुमचा स्वतःचा ताण सांगा: किती वेळा कामावरून घरी धावत यावं लागलं, रजा किती गेल्या. काळजी घेणाऱ्याची स्थिती हा त्या प्रश्नावलीचाच भाग आहे. ‘आईवडिलांचं करतो त्यात काय सांगायचं’ हे आपल्या घरात ठीक आहे, असेसमेंटमध्ये नाही.

मराठी दुभाषी मागून घ्या, वेळ ठरवतानाच. ऐनवेळी मागितला तर मराठीचा मिळेलच असं नाही, मग ‘हिंदी चालेल ना?’ असं विचारतात. हिंदीवर भागवू नका. आईला हिंदी मालिका समजतात म्हणून ती हिंदीत आपल्या लघवीविषयी बोलेल असं थोडंच आहे? मुलांनीच भाषांतर करावं हेही बरं नाही. मुलं आईबाबांचं बोलणं नकळत सावरून घेतात.

बाबांसाठी आणखी एक. त्यांच्या विसरण्याला ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. ७५ च्या पुढच्या लोकांसाठी मेडिकेअरमध्ये (सरकारी आरोग्य विम्यात) डॉक्टरांकडची सविस्तर वार्षिक तपासणी असते, ती असेसमेंटच्या आधी उरकून घ्या आणि स्मरणशक्तीची चाचणी करायला सांगा. ‘रुडास’ नावाची चाचणी आहे, सिडनीतच तयार झालेली. ती भाषा आणि शिक्षण यांवर फारशी अवलंबून नाही, त्यामुळे दुभाष्यामार्फत नीट होते. इंग्रजी शब्द आठवायला लावणाऱ्या चाचणीत बाबा नापास झाले तर ते विसरतात की त्यांना इंग्रजी कमी येतं, हे कुणालाच कळत नाही. डॉक्टरांचं पत्र असेसरच्या हातात द्या.

निकालाचं पत्र येईल. गरज थोडीच दिसली, म्हणजे आठवड्यातून एकदा साफसफाई आणि दवाखान्याची ने-आण एवढीच, तर ‘कॉमनवेल्थ होम सपोर्ट प्रोग्राम’मध्ये टाकतात. त्यात तुमच्या नावावर पैसे येत नाहीत. संस्थेला सरकार अनुदान देतं आणि तुम्ही थोडी फी भरता. हे काही वाईट नाही, बऱ्याचदा लवकर सुरू होतं. गरज जास्त असेल तर सपोर्ट ॲट होमच्या आठ पातळ्यांपैकी एक. योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या पातळीला वर्षाला सुमारे १०,७०० डॉलर आणि आठव्या पातळीला सुमारे ७८,००० डॉलर असे आकडे होते. पातळी चुकीची वाटली तर पत्रात दिलेल्या मुदतीत फेरविचार मागा. पुढे तब्येत ढासळली तर नव्याने आढावा मागता येतो, तो वेगळा.

मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत, इथे बऱ्याच जणांचा विरस होतो. मंजुरीनंतर निकडीप्रमाणे रांग लागते. कधी रकमेचे ६० टक्के आधी सोडतात आणि उरलेले नंतर. पैसे सुटल्याचं पत्र आलं की ५६ दिवसांत प्रोव्हायडरशी, म्हणजे सेवा देणाऱ्या संस्थेशी, करार करायचा असतो, मागितल्यास २८ दिवस वाढवून मिळतात. हे पत्र चुकवू नका.

पैसे तिमाहीने येतात. न वापरलेल्यातले १,००० डॉलर किंवा तिमाही रकमेचे १० टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढंच पुढच्या तिमाहीत जातं, बाकीचं परत. जुन्या पॅकेजमध्ये लोक ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून हजारो डॉलर साठवायचे. आपला स्वभावच तो. आता साठवणं म्हणजे सोडून देणं.

तुमचा वाटा सेवेच्या प्रकारावर ठरतो. नर्स, फिजिओथेरपी यांसारख्या वैद्यकीय सेवेला तुम्ही काहीच भरत नाही. दुसरा गट स्वावलंबनासाठीच्या सेवांचा: सरकारची वृद्धापकाळची ‘एज पेन्शन’ पूर्ण मिळणाऱ्याला ५ टक्के, सर्वांत वरचा दर ५० टक्के. तिसरा घरकामाचा, म्हणजे सफाई, बाग, जेवण: पूर्ण पेन्शनवाल्याला साडेसतरा टक्के, वरचा दर ८० टक्के. मधल्या उत्पन्नाचे लोक या दोन टोकांच्या मध्ये. हिशेबासाठी तासाचा दर १०० डॉलर धरला तर सफाईच्या एका तासाला कुणी साडेसतरा डॉलर भरेल, कुणी ८०. योजना आली तेव्हा आंघोळीची मदत वैद्यकीय गटात न घालता दुसऱ्या गटात घातली, त्यावर बराच गदारोळ झाला. आंघोळीला पैसे आकारणं मलाही पटलेलं नाही. करार करताना आंघोळ सध्या कोणत्या गटात आहे ते तेवढं विचारून घ्या.

मंडळाच्या गणेशोत्सवात भेटलेल्या काकू ‘आम्ही तर काही भरत नाही’ म्हणतील. खरंच भरत नसतील. १२ सप्टेंबर २०२४ पर्यंत ज्यांना पॅकेज मंजूर झालं होतं त्यांना नव्या नियमांनी जास्त भुर्दंड पडू नये अशी तरतूद आहे. त्यांच्या गणितावरून तुमचं गणित मांडू नका.

एज पेन्शनला साधारण दहा वर्षांचं वास्तव्य लागतं, त्यामुळे आईबाबांना ते बहुधा मिळत नसणार. अशा वेळी सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाकडे (पेन्शन आणि भत्ते बघणारं सरकारी खातं) उत्पन्न आणि मालमत्तेचा तपशील भरून द्यावा लागतो. तो दिला नाही तर थेट वरचा दर लागतो. पेन्शन नाही म्हणजे वरचा दरच असणार, असं गृहीत धरून फॉर्म बाजूला ठेवू नका. या फॉर्ममध्ये भारतातलंही सगळं येतं: पुण्यातला फ्लॅट आणि त्याचं भाडं, बँकेतल्या ठेवी, निवृत्तिवेतन. गावाकडची जमीन सातबाऱ्यावर चार भावांच्या नावाने असेल तर बाबांचा हिस्सा लिहायचा, सगळी जमीन नव्हे. इथे लोक एक तर पूर्ण लपवतात किंवा पूर्ण स्वतःच्या नावावर दाखवून बसतात. दोन्ही महागात पडतं. भरणं खरोखरच झेपत नसेल तर आर्थिक अडचणीसाठी वेगळा अर्ज असतो.

प्रोव्हायडर निवडताना चकचकीत पुस्तिकेपेक्षा दरपत्रक बघा. दर संस्थेगणिक बराच फिरतो. शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशीचा दर वेगळा विचारा. एका खेपेला किमान किती वेळ आकारतात? आदल्या दिवशी नको म्हटलं तर पैसे कापतात का? येणारी व्यक्ती त्यांची नोकर की एजन्सीची? तीच बाई दर मंगळवारी येईल की दर वेळी नवा चेहरा? आणि केअर पार्टनरकडे किती कुटुंबं आहेत? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा घुटमळला तर समजून घ्या. व्यवस्थापनासाठी तिमाही रकमेतले १० टक्के बाजूला जातात, त्याव्यतिरिक्त वरखर्च तासाच्या दरातच धरलेला असतो. सोडून जायची फी आता घेता येत नाही, तेव्हा पटलं नाही तर बदला. तक्रारीची भीती वाटत असेल तर ‘ओपॅन’ ही वृद्धांची बाजू मांडणारी मोफत सेवा आहे, १८०० ७०० ६००. त्याहून वर एज्ड केअर क्वालिटी अँड सेफ्टी कमिशन.

आता आईंचं स्वयंपाकघर. त्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे आणि त्यावर उपाय त्यांना समजावणं हा नाही, केअर प्लॅनमध्ये लिहून घेणं हा आहे. आंघोळीला बाईच हवी. चपला दाराबाहेर. घरात मांसाहारी डबा उघडू नये. चतुर्थीला उपवास, त्या दिवशी जेवण दुपारी नाही, चंद्रोदयानंतर. देवघराच्या खोलीला हात लावायचा नाही. असं साध्या शब्दांत लिहा, म्हणजे बदली माणूस आला तरी त्याला कळेल. आणि पहिले काही आठवडे बाईला स्वयंपाकघरात पाठवूच नका. आधी नुसतं बाहेर फिरायला न्यावं, लायब्ररीत, भाजीच्या दुकानात. ओळख झाली की आई स्वतःच तिला फोडणी शिकवायला लागतात, हे मी वारंवार पाहिलंय. मराठी बोलणारी सपोर्ट वर्कर मागा जरूर. मिळाली तर उत्तम, बाबांसाठी तर फारच, कारण विसरण्याच्या आजारात नंतर शिकलेली भाषा बहुतेकदा आधी सुटते. पण कधी कधी मराठी बाईपेक्षा परकी बाई बरी वाटते. घरातलं मंडळात जाणार नाही याची खात्री असते!

काही मर्यादाही लक्षात घ्या. तुमच्यासारख्या घरात सफाई म्हणजे आईबाबांची खोली, त्यांचं बाथरूम, ते वापरतात ती जागा. वरच्या मजल्यावरच्या नातवांच्या खोल्या नाहीत. ती मोलकरीण नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा, त्यावरून कटकटी होतात. डबा लावला तर बनवण्याचा आणि पोचवण्याचा खर्च पॅकेजमधून, शिधा तुमचा. आणि तुम्ही स्वतः किंवा वहिनीने आईचं केलं तर त्याचा पगार पॅकेजमधून सहसा मिळत नाही. त्यासाठी सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाचे केअरर भत्ते वेगळे असतात, पात्रता तिथे विचारा.

आईंच्या पडण्याबद्दल दोन गोष्टी वेगळ्या मागा. एक, उपकरणं आणि घरातले बदल. यासाठी तिमाही रकमेबाहेरचे पैसे असतात: लहान गरजेला ५०० डॉलरपर्यंत, मध्यम गरजेला २,०००, मोठ्या गरजेला १५,०००. शॉवरमधली खुर्ची, धरायचे दांडे, टबचा काठ काढून टाकणं हे यात बसतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं सुरक्षितपणे कशी जमतील ते बघणारे तज्ज्ञ, येऊन बघतात. मंजुरीआधी दुकानातून आणून पावती दाखवली तर ते पैसे परत मिळण्याची आशा ठेवू नका. घर भाड्याचं असेल तर भिंतीला भोक पाडण्याआधी मालकाची लेखी परवानगी लागेल. दुसरी गोष्ट, ‘रिस्टोरेटिव्ह केअर पाथवे’. १६ आठवड्यांपर्यंत फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी वगैरे जोरात करून माणसाला पुन्हा उभं करायचं, त्यासाठी सुमारे ६,००० डॉलर असतात. हाड वाचलंय आणि धीर गेलाय, अशा अवस्थेत हे फार उपयोगी पडतं. असेसर स्वतःहून सुचवतीलच असं नाही, नाव घेऊन विचारा.

तुम्ही शेवटी विचारलंय की हिवाळ्यात दोघं तीन-चार महिने सांगलीला जातात, त्याचं काय. जाऊ द्या. प्रोव्हायडरला लेखी कळवा, त्या तिमाहीचे न वापरलेले पैसे वरच्या मर्यादेपलीकडे बुडतील हे धरून चला. सलग वर्षभर एकही सेवा घेतली नाही तर जागा काढून घेतली जाऊ शकते, तेवढा काळ होऊ देऊ नका. तिथे गेल्यावर इथलं काहीच चालत नाही. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, ७० च्या पुढच्यांना आयुष्मानचं कार्ड आहे, पण ते इस्पितळातल्या उपचारांसाठी. घरी येणारी बाई पदरच्या पैशांनीच लावावी लागेल, तो खर्च आधी धरा.

बाबांच्या गोळ्यांसाठी मात्र यातल्या कशाचीच वाट बघू नका. उद्या फार्मसीत जाऊन वेब्स्टर पॅक सुरू करून घ्या. आठवड्याच्या गोळ्या वेळेनुसार कप्प्यांत बंद करून देतात, घेतली की नाही ते कप्पा बघून कळतं. सपोर्ट वर्कर आल्यावर ती फक्त आठवण करून देऊ शकेल, स्वतः गोळ्या काढून देणं हे बहुतेक संस्थांत नर्सचं काम असतं, आणि पॅक नसेल तर काही ठिकाणी ती आठवणही करून देत नाही.